वारसा इमारतीशेजारी सात मजल्यांची निवासी इमारत: काच की कमानी, याच्या आधीचे प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे दीडशे वर्षांच्या, दगड आणि चुन्यात बांधलेल्या एका दुमजली सार्वजनिक इमारतीला लागून असलेल्या भूखंडावर तळमजला आणि वर सहा मजले अशी निवासी इमारत उभी करायची आहे. मालकांना संपूर्ण काचेचा दर्शनी भाग हवा आहे, तर सहकाऱ्यांच्या मते शेजारच्या कमानी आणि कंगोरे नव्या इमारतीवर उतरवले तर परवानगी सुकर होईल. वाहनांसाठी दोन मजली तळघर घ्यायचे आहे, असेही तुम्ही शेवटी लिहिले आहे, आणि काच व कमानी यांपैकी काय निवडावे, असे विचारले आहे.

अशा जागांवर मी बराच काळ काम करत आलो आहे. त्यावरून सांगतो की काच की कमानी हा या कामातला सर्वांत शेवटी सुटणारा आणि तुलनेने सोपा प्रश्न आहे. तळघराचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला असला, तरी पत्र वाचताना माझे लक्ष आधी तिथेच गेले. जुन्या इमारतीचे भले किंवा नुकसान पुढील क्रमाने ठरते: आधी जमिनीखाली काय होते, मग नव्या बांधकामाचा आकार कुठे आणि किती उभा राहतो, मग दोन इमारतींमधल्या मोकळ्या पट्टीचे काय होते, आणि त्यानंतर नवी भिंत कशी दिसते. आपल्या व्यवसायात चर्चा मात्र बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होते, कारण दर्शनी भागाचे चित्र सर्वांना समजते आणि मातीचा अहवाल कोणी उघडत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच नोंदवतो. पहिली गोष्ट कायद्याची. भारतात राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र धरले जाते. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने ही चौकट पक्की केली. फ्रान्समध्ये वेगळी हद्द आखलेली नसेल, तर संरक्षित वास्तूपासून ५०० मीटरांच्या आतले, तिच्यासोबत नजरेत येणारे बांधकाम तपासणीच्या कक्षेत येते. अनेक शहरांत मात्र स्थानिक यादीतल्या इमारतीला लागून बांधता येते, फक्त प्रस्ताव तज्ज्ञ समितीपुढे जातो. तुमच्या शेजारची जुनी इमारत कोणत्या यादीत, कोणत्या श्रेणीत आहे आणि त्या यादीत केवळ इमारत धरली आहे की तिचे आवारही, हे रेखाटनाला हात लावण्यापूर्वी लेखी मिळवा. दुसरी गोष्ट मातीची आणि भूजलाच्या पातळीची. तिसरी जुन्या इमारतीच्या आजच्या प्रकृतीची. आणि चौथी रस्त्याच्या रुंदीची, कारण माणसे ही जोडी कुठून पाहणार हे त्यावर ठरते. या चार बाबी माहीत झाल्या की पुढचे तर्क जवळपास कुठेही लागू पडतात.

तळघरापासून सुरुवात करतो. बोस्टनमधले ट्रिनिटी चर्च १८७७ साली पूर्ण झाले. भराव टाकून तयार केलेल्या जमिनीवर, सुमारे साडेचार हजार लाकडी खुंटांच्या पायावर ते उभे आहे. त्याच्या शेजारी १९७६ साली जॉन हॅन्कॉक टॉवर हा साठ मजली मनोरा पूर्ण झाला. मनोऱ्याच्या वास्तुरचनाकारांनी दर्शनी भाग परावर्तक काचेचा ठेवला आणि चर्चचे प्रतिबिंब त्यात उमटेल अशी मांडणी केली. शेजाऱ्याचा मान राखणारी रचना म्हणून तिची आजही वाखाणणी होते. परंतु त्याच मनोऱ्याच्या पायासाठी खोदकाम चालू असताना मातीला आधार देणाऱ्या तात्पुरत्या भिंती आत सरकल्या, भोवतालची जमीन हलली आणि चर्चच्या बांधकामाला इजा पोहोचली. चर्चने न्यायालयात दाद मागितली आणि भरपाई मिळवली. दिसण्याच्या बाबतीत इतकी काळजी घेतलेली इमारत जमिनीखाली शेजाऱ्याला घातक ठरली, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगतो. तुमची इमारत साठ मजल्यांची नाही हे खरे, पण माती वरचे मजले मोजत नाही. खड्डा किती खोल आहे, किती काळ उघडा राहतो आणि त्याच्या भिंती किती ताठ आहेत, यावर तिचे हलणे ठरते.

दोन मजली तळघर म्हणजे साधारण सात मीटर खोदकाम. मऊ चिकणमातीत अशा खड्ड्याभोवतीची जमीन खोलीच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत, म्हणजे चौदा ते एकवीस मीटरांपर्यंत खचू शकते. घट्ट मुरूम किंवा खडक असेल तर हा परिणाम बराच कमी असतो, पण खडक फोडताना होणाऱ्या कंपनांचा प्रश्न उभा राहतो. जुन्या दगडी इमारतींचे पाये बहुधा उथळ असतात. मीटर-दीड मीटर खोल चर, त्यात दगड आणि चुना, आणि त्यावर थेट भिंत. अशी भिंत सगळीकडे सारखी खचली तर फारसे बिघडत नाही. एक टोक खचले आणि दुसरे जागेवर राहिले, की कमानीच्या माथ्यावरचा दगड सैल होतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग चढू लागते. लागून खोदताना नेमके हेच घडते, कारण तुमच्या बाजूची भिंत खचते आणि पलीकडची तशीच राहते.

पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पंप लावले की पाण्याची पातळी तुमच्या हद्दीपुरतीच उतरत नाही. चिकणमातीतले पाणी गेले की तिचे आकारमान कमी होते. पाया लाकडी खुंटांवर असेल तर धोका आणखी मोठा असतो, कारण पाण्यात बुडालेले लाकूड शतकानुशतके टिकते आणि हवा लागली की कुजू लागते. म्हणून अशा जागी मी पहिल्यांदा विचारतो ते हे की तळघर खरोखर हवे आहे का. वाहने तळमजल्याच्या मागच्या भागात, एका मजल्याच्या यांत्रिक वाहनतळात किंवा भूखंडाच्या दूरच्या अर्ध्या भागाखाली बसू शकतात का, हे आराखड्यावर तपासून पाहा. तळघर अटळ असेल, तर ते शेजारच्या भिंतीपासून जितके दूर नेता येईल तितके न्या, आणि खोदण्यापूर्वी सलग जोडलेल्या पाइलची (जमिनीत खोल घातलेल्या काँक्रीटच्या खांबांची) किंवा डायफ्रॅम भिंतीची (खोल चरात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीची) ताठ, पाणी अडवणारी चौकट घाला, म्हणजे बाहेरच्या पाण्याला हात लावावा लागणार नाही. पाइल ठोकून घालू नका; भोक पाडून भरा. जर्मनीच्या डीआयएन ४१५० या मानकाच्या तिसऱ्या भागात संवेदनशील जुन्या वास्तूंसाठी पायापाशी मोजलेल्या अल्पकालीन कंपनाच्या वेगाची मर्यादा, वारंवारिता १० हर्ट्झपेक्षा कमी असताना, सेकंदाला ३ मिलीमीटर दिली आहे, तर सामान्य निवासी इमारतींसाठी ती ५ आहे. हा आकडा कंत्राटात लिहा, आणि कंपनमापकाने मर्यादा ओलांडल्याचे दाखवताच काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, तेही त्याच परिच्छेदात लिहा.

खोदकामापूर्वी जुन्या इमारतीची स्थिती नोंदवणे हे काम सर्वांत जास्त टाळले जाते. प्रत्येक भेगेचा मोजपट्टीसह फोटो, भेगेवर आडवी बसवलेली पारदर्शक मापपट्टी, भिंतींवर सर्वेक्षणाचे लक्ष्यबिंदू, आणि शक्य असेल तर काम सुरू होण्याआधी सर्व ऋतूंतल्या नोंदी. या शेवटच्या गोष्टीचा आग्रह मी का धरतो ते सांगतो. दगडी भिंतीतली भेग उन्हाने आणि ओलाव्याने एरवीही उघडझाप करत असते. एका भिंतीवरच्या नोंदी मी अजून जपून ठेवल्या आहेत: शेजारी एक फावडेही पडलेले नसताना कोरड्या दिवसांत भेग सुमारे अर्धा मिलीमीटर उघडली होती आणि पावसाळ्यात पुन्हा मिटली होती. ही आधीची हालचाल ठाऊक नसेल, तर खोदकाम चालू असताना अर्धा मिलीमीटर उघडलेल्या भेगेचा अर्थ कोणालाच लावता येत नाही. मालक म्हणतात आमच्यामुळे झाले नाही, शेजारी म्हणतात तुमच्यामुळेच झाले, आणि दोघांच्याही हाती पुरावा नसतो.

आता आकाराकडे येतो. वारसा वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आधार घेऊन अनेक जण सांगतात की नवे काम जुन्यापेक्षा वेगळे ओळखू आलेच पाहिजे. तो नियम वास्तूच्या जीर्णोद्धाराला आणि तिच्यात घातलेल्या नव्या भागांना लागू आहे. शेजारच्या भूखंडावरच्या बांधकामासाठी तो लिहिलेला नाही. शेजाऱ्याला लागू पडणारे कलम सहावे आहे, आणि ते क्वचितच उद्धृत होते. पारंपरिक परिसर टिकून असेल तर तो राखावा, आणि आकारमान व रंग यांचे परस्परसंबंध बदलणारे नवे बांधकाम होऊ देऊ नये, असा त्याचा आशय आहे. आकारमान आणि रंग हेच दोन शब्द तिथे आहेत. त्यात कमानींचा उल्लेख नाही आणि काचेचाही नाही. मला हे कलम व्यवहारात फार उपयोगी वाटते, कारण ते चर्चा मोजता येण्याजोग्या गोष्टींवर आणते.

तर मोजून पाहू. जुन्या इमारतीचे मजले उंच असतात आणि घरांचे मजले बेताचे, त्यामुळे मजल्याला मजला जुळत नाही; तो जुळवण्याचा हट्टही करू नये. समजा, जुन्या इमारतीचा मुख्य कंगोरा, म्हणजे भिंतीच्या माथ्याजवळची पुढे आलेली आडवी पट्टी, रस्त्यापासून साडेदहा मीटर उंचीवर आहे. नव्या इमारतीचा तळमजला ४.२ मीटरांचा आणि त्यावरचे दोन मजले ३.१५ मीटरांचे धरले, तर बेरीज बरोबर साडेदहा मीटर येते. म्हणजे जुन्याच्या दोन मजल्यांसमोर नव्याचे तीन मजले एका गटात बांधून त्यावर एक ठळक आडवी रेषा ओढता येते, आणि रस्त्यावरून चालणाऱ्याच्या नजरेला ती रेषा एका इमारतीवरून दुसरीकडे सलग जाताना दिसते. जोत्याची उंची आणि मुख्य कंगोरा या दोन रेषा मी जुळवतो. बाकीच्या मोकळ्या सोडतो. प्रत्येक रेषा जुळवायला गेलेली इमारत ओढूनताणून बसवल्यासारखी दिसते आणि आतल्या घरांच्या खिडक्या नको तिथे जातात.

वरचे चार मजले, म्हणजे आणखी १२.६ मीटर, या रेषेच्या वर उरतात. इथे बहुतेक जण म्हणतात की वरचे मजले तीन मीटर मागे घेतो, म्हणजे ते दिसणार नाहीत. हे गणित एकदा करून पाहा. समोरच्या पदपथावर, बारा मीटर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाची नजर जमिनीपासून १.६ मीटरांवर असते. साडेदहा मीटरांच्या कडेवरून गेलेली त्याची दृष्टिरेषा तीन मीटर मागे जाईपर्यंत जेमतेम सव्वादोन मीटर वर चढते. म्हणजे एक मजलाही पूर्ण झाकला जात नाही. चारही मजले झाकायचे तर सतरा मीटर मागे जावे लागेल. आणि रस्त्याच्या टोकाशी, चाळीस मीटरांवर उभे राहिले, तर त्याच तीन मीटरांनी पाऊण मीटरसुद्धा झाकले जात नाही. मजले मागे घेणे तरीही उपयोगी आहे, पण त्याचे कारण निराळे आहे: त्यामुळे खालच्या गटाची कड मोकळी होते, तिच्यावर ऊन पडते, आणि जुन्या इमारतीशी बोलणारा भाग व मागचा उंच भाग हे दोन वेगळे घटक म्हणून वाचता येतात. जे लपणार नाही ते लपेल असे समितीला सांगू नका. लांबून घेतलेल्या छायाचित्रावर काढलेले खरे चित्र त्यांना दाखवा.

याहून परिणामकारक उपाय म्हणजे इमारतीची उंची भूखंडावर वेगळी वाटणे. परवानगीचे एकूण क्षेत्रफळ तेवढेच ठेवून जुन्या इमारतीच्या बाजूचा पट्टा तीन किंवा चार मजल्यांवर थांबवा आणि दूरच्या बाजूला उंच जा. मालकांना यात तोटा दिसतो, पण खालच्या पट्ट्यावरच्या गच्च्या वरच्या घरांना मिळतात, आणि शेजारी कायम बुटकी राहणारी, जपलेली इमारत असल्यामुळे त्या बाजूचा प्रकाश व दृश्य पुढे कोणी अडवणार नाही. ही खात्री दुसऱ्या कोणत्याही शेजाऱ्याकडून मिळत नाही. मालकांशी बोलताना मी इथूनच सुरुवात करतो.

यातून निघणारा एक मुद्दा बहुतेक आराखड्यांत दुर्लक्षित राहतो. शेजारची इमारत बुटकी असल्यामुळे तुमची बाजूची भिंत तिच्या छपराच्या वर, दुरून, कायम दिसत राहणार आहे. कित्येकदा रस्त्याकडच्या भिंतीपेक्षाही जास्त. आणि हीच भिंत आपण न्हाणीघरांच्या झडपांना, सांडपाण्याच्या नळ्यांना आणि वातानुकूलन यंत्रांना देऊन टाकतो. जुन्या इमारतीचा मनोरा, शिखर किंवा छपराची धार आजवर आकाशावर उमटत होती. उद्या ती तुमच्या भिंतीवर उमटेल. म्हणून ही भिंत शांत हवी, एकाच रंगछटेची, जुन्या दगडापेक्षा थोडी फिकी किंवा थोडी गडद, म्हणजे छपराची धार तिच्यावर स्पष्ट वाचता येईल. खिडक्या असाव्यात, पण त्यांची ओळ धारेच्या अगदी मागे येऊ नये. नळ्या आतल्या चौकाकडे वळवा. या एका भिंतीवर घेतलेले कष्ट मला दर्शनी भागावरच्या कष्टांपेक्षा मोलाचे वाटतात.

दोन इमारतींमधल्या मोकळ्या पट्टीविषयी थोडेच, पण ठामपणे लिहितो. नियमांनी सांगितलेले सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, हे किमान असते. भूकंपात दोन इमारती वेगवेगळ्या तालाने डोलतात. पुरेशी फट नसेल तर त्या एकमेकींवर आदळतात, आणि नव्या इमारतीच्या काँक्रीटच्या स्लॅबची कड जुन्या भिंतीच्या मधोमध आदळणे हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार आहे. दोन्हींच्या अपेक्षित डोलण्याची बेरीज करून फट ठरवावी लागते, आणि ते काम स्ट्रक्चरल इंजिनीअरचे आहे. त्याखेरीज ही पट्टी माणूस शिडी घेऊन उभा राहू शकेल इतकी रुंद हवी, नाहीतर जुनी भिंत पुन्हा कधी दुरुस्त होणार नाही. चुन्याची भिंत ओलावा घेते आणि सोडते. तिच्यासमोर उंच भिंत उभी राहून ऊन-वारा अडला, तर ती फक्त घेत राहते. मग जोत्याजवळ क्षारांची पांढरी रेघ दिसू लागते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. तुमच्या उंच भिंतीवरून ओघळणारे पावसाचे पाणी जुन्या छपरावर किंवा जोत्यापाशी पडता कामा नये; त्यासाठी प्रत्येक काही मजल्यांवर पाणी बाहेर टाकणारी कड आणि खाली स्वतंत्र पन्हळ लागते. आणि दोन भिंतींमधली फट बुजवण्यासाठी सिमेंटचा गिलावा जुन्या दगडावर कधीही चढवू नका. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि कमी झिरपणारे असते, त्यामुळे ओलावा आतच कोंडतो आणि शेवटी दगड झिजतो. जुन्या छपरात लाकूड असेल, तर त्या बाजूच्या तुमच्या भिंतीची अग्निरोधक क्षमता आणि तिच्यातल्या खिडक्यांचे अंतर याचाही आत्ताच विचार करा.

इथवरचे सार इतकेच की तळघराची जागा, उंचीची वाटणी, मुख्य आडवी रेषा, बाजूची भिंत आणि मधली पट्टी हे पाच निर्णय झाले की इमारत जवळपास ठरलेली असते. आता काच की कमानी या तुमच्या प्रश्नाकडे येतो.

कमानी उतरवण्याच्या मी विरोधात आहे, आणि त्याचे कारण बांधणीत आहे. दगडी भिंतीतली कमान वरचे वजन दोन्ही बाजूंना वाहून नेते, म्हणून तिच्या बाजूला जाड खांब असतो आणि तिच्या खाचेत हातभर खोल सावली असते. काँक्रीटच्या चौकटीपुढच्या दीड वीत भिंतीत तीच कमान काढली, तर तिला वजन नसते आणि सावलीही नसते. वर तीन मीटरांच्या मजल्यात ती बसवताना तिचे प्रमाण दाबावे लागते. खरी कमान शेजारीच उभी असल्यामुळे हा फरक लगेच नजरेत भरतो, आणि नकळत अस्सल कमानही स्वस्त वाटू लागते. परवानगी मिळण्यास त्याने मदत होईल हेही मला पटत नाही. संवर्धनाचे ज्ञान असलेले सदस्य अशा नकलेवर पहिला आक्षेप घेतात.

संपूर्ण काचेबाबत माझी हरकत वेगळी आहे. काचेचा पडदा दिवसा आकाश दाखवतो, त्यामुळे शेजारच्या ठोस भिंतीजवळ तो फिका पडून मागे सरतो, असा युक्तिवाद केला जातो आणि सार्वजनिक इमारतींत तो कधी कधी खराही ठरतो. फ्रान्समधल्या नीम शहरात रोमन काळातल्या मेझाँ कारे या मंदिरासमोर नॉर्मन फॉस्टर यांनी केलेली कारे दार ही काचेची इमारत १९९३ साली उघडली. तिच्या नऊ मजल्यांपैकी जवळपास निम्मे जमिनीखाली आहेत, म्हणून तिची उंची परिसराला धरून राहिली. पण ते ग्रंथालय आणि कलादालन आहे. घरे जमिनीखाली नेता येत नाहीत, आणि काचेआड राहणारा माणूस पहिल्याच आठवड्यात पडदा लावतो. प्रत्येक घराचा पडदा वेगळा, कुठे कपाटाची पाठ, कुठे उन्हासाठी चिकटवलेला कागद. चित्रातली नितळ काच वर्षभरात ठिगळांची होते. शिवाय पश्चिमेची परावर्तित उष्णता जुन्या रंगीत तावदानांवर किंवा लाकडी झडपांवर पडू शकते, तेही तपासावे लागते.

निवासी इमारतीसाठी मला दोन उदाहरणे अधिक शिकवणारी वाटतात. व्हिएन्नात होफबुर्ग राजवाड्यासमोर अडोल्फ लोस यांनी १९०९ ते १९११ या काळात उभारलेल्या इमारतीत खाली दुकान आणि वर घरे होती. खालच्या भागाला त्यांनी चौकाच्या तोलाचा, शिरांचा संगमरवर दिला, आणि घरांच्या मजल्यांना साधा गिलावा व नुसत्या चौकोनी खिडक्या. खिडक्यांवर नक्षी नाही म्हणून शहरात गदारोळ झाला, बांधकाम थांबवले गेले, आणि खिडक्यांखाली फुलझाडांच्या कुंड्या लावण्याच्या तडजोडीवर ते पुढे सरकले. आज ती इमारत स्वतःच वारसा म्हणून जपली जाते. दुसरे उदाहरण व्हेनिसच्या झात्तेरे किनाऱ्यावरचे, इन्यात्सिओ गार्देल्ला यांनी १९५० च्या दशकात चर्चच्या शेजारी बांधलेले निवासी घर. त्यात शेजारची एकही कमान उतरवलेली नाही. उभट, अरुंद खिडक्या, त्यांची किंचित अनियमित लय, गिलाव्याचा रंग, सज्ज्यांच्या बारीक सावल्या आणि खाली दगडी पाया, यांतून ते त्या रांगेत बसते. दोन्हींत खालचा भाग रस्त्याशी आणि शेजाऱ्याशी नाते सांगतो, तर वरचे मजले आपण घर आहोत हे सरळ मान्य करतात.

तुमच्या इमारतीसाठी हीच दिशा मी सुचवेन. जुन्या भिंतीत ठोस भाग आणि उघडा भाग यांचे प्रमाण मोजा. अशा इमारतींत उघडा भाग बहुधा पाव ते तिसरा हिस्सा असतो. खालच्या तीन मजल्यांत त्या प्रमाणाच्या जवळ राहा. वरच्या मजल्यांत प्रकाशासाठी ते वाढवा. खिडक्या उभट ठेवा. जुन्या भिंतीची खोली नव्या भिंतीत येऊ शकत नाही, पण बाल्कनी भिंतीच्या बाहेर न काढता आत घेतली तर तीच सावली मिळते, आणि घरांना उन्हापासून आडोसाही होतो. बाहेर लोंबणाऱ्या बाल्कन्या मी वरच्या, दूरच्या भागापुरत्या ठेवतो.

बांधकामसाहित्याचा निर्णय कार्यालयात बसून घेऊ नका. आम्ही जागेवर दीड मीटर उंचीच्या चार-पाच नमुना भिंती उभ्या करतो, कोपऱ्यासह, आणि त्या सकाळी, भर दुपारी आणि पाऊस पडून गेल्यावर जुन्या भिंतीच्या रांगेत पाहतो. ओला दगड कोरड्यापेक्षा कितीतरी गडद दिसतो. कोरड्यात जुळलेला रंग पावसात परका वाटतो, हे अशा नमुन्यांशिवाय कळत नाही. कोपऱ्याचा आग्रह यासाठी की पाऊण इंची दगडी लादीचा पातळपणा तिथेच उघडा पडतो. दगड वापरायचाच असेल तर जोत्यापुरता, पण पुरेशा जाडीचा वापरा. वर खनिज रंगाचा गिलावा किंवा योग्य छटेची वीट अधिक प्रामाणिक दिसते. जुन्या दगडाशी तंतोतंत रंग जुळवू नका. जुन्या दगडावर दीडशे वर्षांची धूळ आणि ऊन आहे. आज जुळलेली छटा ती भिंत स्वच्छ केल्यावर विसंगत दिसेल.

राहणाऱ्यांचा विचार आराखड्यातच करा. माणसे कपडे वाळत घालणार, बाल्कनीला जाळी लावणार, वातानुकूलन यंत्र बसवणार. यातले काहीही गैर नाही. या गोष्टींना जागा दिली नाही, तर त्या स्वतः जागा शोधतात, आणि ती जागा बहुधा जुन्या इमारतीकडच्या भिंतीवर असते. प्रत्येक घरासाठी वाळवणाचा आडोसा, यंत्रासाठी झडपांमागचा कोनाडा आणि एकाच नमुन्याची जाळी रेखाचित्रांत दाखवा, आणि घर घेणाऱ्यांच्या करारात ती जोडा.

कामाचा क्रमही सांगतो, कारण मालक घाईत आहेत असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. पुढच्या बैठकीला दर्शनी भागाचे एकही चित्र नेऊ नका. माती परीक्षण, भूजलाच्या नोंदी आणि जुन्या इमारतीचे स्थितीसर्वेक्षण, या तिन्हींची मंजुरी घ्या, आणि संवर्धनाचा अनुभव असलेले वास्तुविशारद व स्ट्रक्चरल इंजिनीअर दोघांनाही आत्ताच सोबत घ्या. जुन्या इमारतीच्या व्यवस्थापकांना भेटा. छपरावर कुठे गळते आणि कोणती भिंत पूर्वी दुरुस्त झाली, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते, आणि मापपट्ट्या लावायची परवानगीही त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. समितीपुढे औपचारिक प्रस्ताव देण्याआधी केवळ आकाराचे साधे प्रतिरूप घेऊन जा आणि उंचीच्या वाटणीवर त्यांचे मत घ्या. भेगांची आणि पातळ्यांची मोजणी इमारत पूर्ण झाल्यावर किमान एक वर्ष चालू राहील, तिचा खर्च कोण करील आणि दुरुस्ती लागल्यास ती चुन्यातच, कोणत्या कारागिरांकडून होईल, हे कलम कंत्राटावर सह्या होण्यापूर्वी त्यात आले पाहिजे. खोदकाम सुरू झाल्यावर त्यावर कोणी सही करत नाही.